नळी मोकळी करायची घाई नको, आधी बेडिंग बघा (लाकडी दस्त्याच्या बोल्ट रायफली)

अक्रोड (धागाकर्ता)

नळी आणि फोरएंड (दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग) यांच्यामधून कागद सरकला की काम झालं, असं समजून बरेच जण काठीला पॉलिश पेपर गुंडाळतात आणि चांगला दस्ता आतून खरवडायला घेतात. ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा घोळका) आवळला तर आनंद. नाही आवळला की "फ्री-फ्लोट (नळी मोकळी करणं) वगैरे सगळं थोतांड" असं म्हणून मोकळे. यावर एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं असं आहे की नळी मोकळी करणं हे दुसरं काम. पहिलं काम म्हणजे ॲक्शन (रिसीव्हर म्हणजे नळीमागचा पोलादी सांगाडा, आणि त्यातला बोल्ट) दस्त्यात नेमकी कशी बसली आहे ते, म्हणजेच बेडिंग, बघणं. तिथे गडबड असेल तर नळीभोवती बोट जाईल एवढी फट ठेवा, गोळ्या पसरायच्या तशा पसरणारच.

गोळी सुटताना नळी कंप पावते. हा कंप थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही, तो दर वेळी सारखा असला की पुरे. फोरएंड नळीला कुठेतरी टेकत असेल तर तो टेकूच कंप ठरवतो, आणि लाकडाचा टेकू कधी एकसारखा राहत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, कधी पीळही खातं. बायपॉडवर (फोरएंडखालच्या दोन पायांच्या टेकूवर) वजन टाकलं, पट्टा ताणला, की फोरएंड वाकून नळीवर वेगळाच दाब देतो. त्यातून नळी तापली की टेकलेल्या जागेपासून दूर सरकू लागते. फोरएंड मोकळा केला की हे सगळे उपद्रव एकदम बाजूला होतात. फ्री-फ्लोटचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही.

पण त्याच वेळी मागे काय चाललंय? धक्क्याने ॲक्शन मागे रेटली जाते आणि तो सगळा भार रिकॉइल लगच्या (दस्त्याच्या खाचेत बसून धक्का पेलणाऱ्या ठोकळ्याच्या) मागच्या पृष्ठभागावर येतो. लगमागचं लाकूड एका कोपऱ्यातच टेकत असेल, किंवा वर्षानुवर्षं स्क्रू आवळून दबलं असेल, तर प्रत्येक बारानंतर ॲक्शन केसभर वेगळ्या जागी स्थिरावते. शिवाय खालची बैठक सपाट नसेल तर दोन स्क्रू आवळताना रिसीव्हरच वाकतो. पोलादी असला तरी वाकतो, आणि मोजता येण्याइतका वाकतो.

मोजायचं कसं तेही सांगतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढून ठेवा. डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापाचा) चुंबकी पाया नळीवर चिकटवा आणि टोक फोरएंडच्या टोकावर टेकवा. दोन्ही स्क्रू नेहमीसारखे आवळलेले असू द्या. आता पुढचा स्क्रू हळूहळू सैल करत काट्याकडे बघत राहा. काटा जेमतेम ०.०५ मिमी हलून थांबला तर बैठक चांगली. ०.१ च्या पुढे गेला तर स्क्रू ॲक्शनला वाकवून धरतोय असं समजा. पुढचा पुन्हा आवळा आणि मागच्यासाठी हेच करा. गेज नसेल तर नळी आणि फोरएंडच्या टोकावर एकाच वेळी बोट आडवं ठेवून दुसऱ्या हाताने स्क्रू सैल करा. सरकलेलं बोटाला कळतं, आकडा मात्र मिळत नाही.

ही चाचणी केल्याशिवाय पॉलिश पेपरला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

---

दहापूर्णांकनऊ

अगदी वेळेवर आलेला धागा. माझी .३०८ कॅलिबरची बोल्ट रायफल, हलकी शिकारी नळी, अक्रोडाचा दस्ता. थंड नळीतून पहिल्या तीन गोळ्या शेजारी शेजारी पडतात. चौथी उजवीकडे वर, पाचवी आणखी वर. १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप ६०-६५ मिमी होतो. डावीकडे फोरएंडच्या टोकापासून चार बोटं आत कागद अडतो, बाकी ठिकाणी सहज जातो. म्हणजे फ्लोट केलं की सुटेल ना प्रश्न?

---

अक्रोड

दिशा जुळतेय. डावीकडे टेकत असेल तर तापल्यावर नळी उजवीकडे ढकलली जाणं साहजिक आहे. पण वर चढण्याला इतरही कारणं असतात. दुर्बिणीचे माउंट आणि रिंगांचे स्क्रू आधी तपासा. रायफलला दोष देण्याआधी हे दहा मिनिटांचं काम उरकलेलं बरं.

आता लाकूड न कापता फ्लोट करून बघायची युक्ती सांगतो. ॲक्शनखाली दोन्ही स्क्रूंपाशी सारख्याच जाडीची जाड कार्डाची किंवा पातळ पत्र्याची चकती ठेवा, साधारण अर्धा-पाऊण मिमीची. पुढे-मागे जाडी सारखीच हवी, नाहीतर ॲक्शन वाकेल आणि चाचणीला काही अर्थ उरणार नाही. ॲक्शन तेवढी उचलली गेली की नळीही फोरएंडपासून सुटते. स्क्रूंना पुरेसे आटे मिळताहेत ना ते बघा, डावीकडून कागद जातोय ना तेही बघा, मग पाच-पाच गोळ्यांचे काही ग्रुप मारा. दारूगोळा तोच, बॅच तीच. दोन ग्रुपच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तीन गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काहीही ठरवू नका, तो नशिबानेही छान येतो.

चकत्या कायम ठेवायच्या नाहीत. त्याने लगचा दस्त्यातला आधार कमी होतो. चाचणी झाली की काढून टाका.

---

जुनी_तीनशेतीन

एक वेगळी बाजू मांडतो. नळी मोकळीच हवी हा काही सार्वत्रिक नियम नाही. ली-एनफिल्ड नंबर ४ घ्या. तिच्या फोरएंडचं टोक नळीला वरच्या दिशेने ठरावीक दाब देतं, आणि तो मुद्दाम दिलेला असतो. नळी बारीक आणि ॲक्शन मागून लॉक होणारी, अशा रायफलीचा तोल या दाबावर उभा आहे. धक्का घेणारे दोन पृष्ठभाग फोरएंडच्या मागच्या टोकाला, आत असतात. ते झिजले की रायफल भटकते. तिथे फोरएंड आतून खरवडून मोकळा केला तर दुखणं जागच्या जागी राहतं आणि एक जुना दस्ता मात्र कायमचा वाया जातो.

याच घराण्यातली एल४२ए१ बघा. नंबर ४ च्या स्नायपर आवृत्तीवरूनच बनवलेली, ७.६२ मिमी कॅलिबरमध्ये. तिथे जाड नळी घातली, फोरएंड आखूड केला आणि नळी मोकळी सोडली. ॲक्शनचं घराणं तेच, पण नळी बदलल्यावर उपायही बदलला.

---

अक्रोड

जुनी_तीनशेतीन, हे लिहिलंत ते फार बरं झालं. जुन्या लष्करी रायफलींच्या दस्त्यांवर पॉलिश पेपर चालवलेला बघवत नाही. त्यांचं बेडिंग हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यातलं जाणणाऱ्यानेच तिथे हात घालावा.

हलक्या शिकारी नळ्यांबाबतही तुमचा मुद्दा लागू होतो. कारखान्यातून निघतानाच फोरएंडच्या टोकाशी दाबाचा उंचवटा ठेवलेल्या बोल्ट रायफली पुष्कळ आहेत. रेमिंग्टन ७०० च्या हलक्या नळीच्या रायफलींत तो हमखास दिसतो. अशी एखादी नळी मोकळी केल्यावर बिघडूही शकते. मग इपॉक्सीचा लहानसा ठिपका टोकाशी परत घालता येतो. रायफल चापाच्या मागे शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, फोरएंडच्या टोकाला तीन-चार किलो वजन टांगून तो सुकवायचा. वजन काढलं की तेवढाच दाब नळीवर राहतो. म्हणजे परतीची वाट आहे. पण चकत्यांची चाचणी केली तर त्या वाटेला जावंच लागत नाही.

---

सागवानी

मी रायफलवाला कमी आणि लाकूडवाला जास्त, म्हणून फक्त लाकडाबद्दल. चॅनल (दस्त्यातली नळी बसायची खाच) घासून झालं की लोक आतला भाग तसाच उघडा ठेवतात, कारण तो दिसत नाही. ओलावा शिरतो तो नेमका तिथूनच. बाहेरून आरशासारखं पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड असेल, तर एक बाजू पाणी पिते आणि दुसरी पीत नाही. फोरएंड वाकणारच. नुसतं जवसाचं तेल पुरत नाही, ते वाफ अडवत नाही. पॉलियुरेथेन किंवा पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन-तीन हात आत द्या. फोरएंडचं टोक आणि मागे बटप्लेटखाली जिथे आडवा कापलेला रेषा उघडा असतो तिथे आणखी एक हात, लाकूड तिथून सगळ्यात जास्त पितं.

फट किती ठेवता? एका कागदाची फट मला लाकडात फारच कमी वाटते.

---

अक्रोड

कमीच आहे. कागदाच्या एका घडीने लाकडी फोरएंडचा निकाल लावू नये. शांत ठेवलेल्या रायफलीत कागद जातो, पण बायपॉडवर खांदा रेटला की तोच फोरएंड वर येऊन टेकतो. मी दीड मिमीच्या आसपास ठेवतो, दोन्ही बाजूंना सारखी. पातळ, लवचिक फोरएंड असेल तर दोनसुद्धा. दिसायला किंचित ढगळ वाटतं, पण त्याला इलाज नाही.

घासण्याची काठी नळीपेक्षा थोडी जाड, तिला ८० नंबरचा कागद, शेवटी १८०. नळीला मेणबत्तीची काजळी धरून ती दस्त्यात ठेवून उचलली की टेकणाऱ्या जागी काळे डाग उमटतात. पहिल्यांदा डाग एकाच जागी, चांगला गडद दिसतो. तेवढाच घासायचा, परत काजळी, परत डाग. दर खेपेला डाग फिकट होत पसरतो आणि शेवटी उमटतच नाही. संपूर्ण चॅनल एका दमात ओढत सुटलं तर काठी आपोआप एका बाजूला जाते आणि फट तिरकी होते.

---

नवी_नेमबाज

अक्रोडदादा, बेडिंग स्वतः करायची फार इच्छा आहे, पण इपॉक्सी सुकल्यावर ॲक्शन कायमची चिकटून बसली तर काय, या भीतीने हात धजावत नाही. नेमकी काय काळजी घेता ते क्रमाने सांगाल का?

---

अक्रोड

ताई, भीती रास्त आहे. पण ॲक्शन अडकते ती बहुतेक वेळा चिकटल्यामुळे नव्हे, कुलपासारखी अडकल्यामुळे. एखाद्या भोकात, खाचेत किंवा उलट्या उतारात इपॉक्सी शिरून घट्ट झाली की मेणाचे कितीही थर असले तरी उपयोग नाही. म्हणून निम्मं काम माती भरण्याचं. चाप काढून टाका. मॅगझिनची पोकळी, चापाची जागा, बोल्ट-स्टॉपची खाच, रिसीव्हरच्या खालचं प्रत्येक छिद्र, सगळीकडे मुलांची खेळायची प्लॅस्टिसिन माती दाबून भरा आणि पातीने पृष्ठभागाशी सपाट कापा. नखाला खोलगट लागलं तर अजून भरा. यात घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया.

मग लग. त्याच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला विजेच्या कामाची चिकटपट्टी लावा, एक-दोन थर. मागचा पृष्ठभाग मोकळा. सुकल्यावर पट्टी निघते, या सगळ्या बाजूंना बारीकशी फट राहते आणि लग फक्त मागे टेकतो. ॲक्शन दर वेळी त्याच जागी यावी म्हणून भार घेणारी जागा एकच हवी. शिवाय ही फट असल्याने ॲक्शन काढता-घालताना बेडिंग कातरलं जात नाही.

धातूवर मेणाचे दोन हात, प्रत्येक वेळी सुकवून पुसून. जिथे इपॉक्सी जाऊ नये असं वाटतं तिथेही लावा, कारण ती जातेच. दस्त्याच्या बाहेरच्या कडांवर कागदी चिकटपट्टी.

लाकूड किती काढायचं? लगभोवती आणि मागच्या टँगखाली (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीखाली) दोन-तीन मिमी. पातळ थर टिकत नाही, तडकतो. पण उंची ठरवणारे एक-दोन मूळ ठिपके शिल्लक ठेवा, नाहीतर ॲक्शन खोल जाईल. पिलर घालणार असाल तर उंची तेच ठरवतात. पिलर म्हणजे स्क्रूभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्या, वरून ॲक्शनला आणि खालून ट्रिगरगार्डला टेकणाऱ्या. त्या घातल्या की स्क्रू लाकूड दाबत नाही, धातूवर धातू आवळतो. लाकडी दस्त्यात मी पिलरशिवाय बेडिंग करायला आता कुणाला सुचवत नाही.

आता महत्त्वाचं. सुकवताना खरे स्क्रू आवळून ठेवू नका. आवळले तर वाकलेली ॲक्शन वाकलेल्या अवस्थेतच साच्यात उतरते, म्हणजे जो दोष काढायचा तोच कायम होतो. डोकं नसलेले लांब स्टड (आटे असलेल्या सळया) घाला, त्यांना पट्टी गुंडाळा म्हणजे ते भोकाच्या मधोमध राहतील. ॲक्शन आणि दस्ता रबरी नळीने बांधा, ॲक्शन जागेवर बसेल एवढ्याच ताणाने. फोरएंडच्या टोकाशी नळीवर पट्टीचे वेढे घ्या, म्हणजे नळी मधोमध आणि उंचीला बरोबर राहील. दुर्बीण असेल तर काढून ठेवा, तिचं वजन नको.

इपॉक्सी म्हणाल तर ॲक्राग्लास जेल, मरीन-टेक्स किंवा डेव्हकॉनची स्टील पुट्टी, काहीही चालेल. पाच मिनिटांत सुकणारी मात्र नको, ॲक्शन सरळ बसवेपर्यंतच ती घट्ट व्हायला लागते. प्रमाण डब्यावर दिलंय तसंच घ्या, हळू फेटा, बुडबुडे नकोत. आधी लगच्या खाचेच्या तळाशी आणि कोपऱ्यांत भरा, मग वर या, म्हणजे हवा अडकत नाही. ॲक्शन बसवल्यावर बाहेर आलेला माल स्पिरिटच्या बोळ्याने लगेच पुसा.

उरलेल्या मिश्रणातलं थोडं पुठ्ठ्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी नख आधी त्यात रुतवून बघा. नख रुतलं तर रायफलीला हात लावू नका. कडक झालं असेल तर स्टड काढा, नळी धरून सरळ वर ओढा, डावी-उजवी हलवू नका. नाहीच निघाली तर काही तास फ्रीजरमध्ये. पोलाद आकसतं आणि टक् असा आवाज येऊन सुटतं. तो आवाज ऐकून दचकू नका, चांगला आवाज आहे तो.

शेवटी स्क्रूची भोकं थोडी मोठी करून घ्या. स्क्रू भोकाच्या कडेला घासत असेल तर धक्का लगऐवजी तो घेतो आणि सगळी मेहनत फुकट.

---

वारा_डावीकडून

वरच्या प्रतिसादात भर. स्क्रू आवळल्यावर मॅगझिनचा डबा किंचित वर-खाली हलतो का बघावं. हलत नसेल तर डबा ॲक्शन आणि ट्रिगरगार्डच्या मध्ये चिरडला जातोय आणि स्क्रूचा ताण तोच घेतोय. डब्याची कड थोडी घासली की झालं. बेडिंग उत्तम असूनही ग्रुप येत नसला की हे हमखास राहून गेलेलं असतं.

दोन तुकड्यांच्या दस्त्यांचंही कुणीतरी लिहा. रुगर नंबर १ सारख्या रायफलीत फोरएंड ॲक्शनमधून पुढे आलेल्या हँगरला तिरक्या स्क्रूने लटकतो आणि नळीलाही टेकतो. तिथे मोकळं करणं म्हणजे नक्की काय?

---

अक्रोड

तिथे तत्त्व तेच, जागा वेगळी. फोरएंड नळीपासून पूर्ण सोडवायचा, त्याला फक्त हँगरचा आधार ठेवायचा, आणि मागच्या टोकाला रिसीव्हरशी तो एकसारखा टेकतोय ना ते काजळीने बघायचं. काही जण उलट वाटेने जातात. हँगरच्या पुढच्या टोकाला आटे पाडून छोटा स्क्रू घालतात, जो खालून नळीला दाबतो. दाब कमी-जास्त करत ग्रुप बघायचा. कोणती वाट त्या नळीला मानवेल हे लक्ष्यावरच कळतं.

---

सागवानी

लाकडात स्क्रू किती आवळायचे याचा काही आकडा आहे का? मी नेहमी हाताच्या अंदाजाने आवळतो.

---

अक्रोड

हाताचा अंदाज रोज बदलतो, म्हणून टॉर्क पाना घ्याच. रायफलीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तो पहिला. नसेल तर नुसत्या लाकडात ३ ते ४ न्यूटन-मीटर, पिलर किंवा ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ५ ते ७. आधी पुढचा, मग मागचा. आवळण्याआधी रायफल उभी धरून बट जमिनीवर हलकेच टेकवा, म्हणजे लग मागे जाऊन बसतो. दमट-कोरडी हवा बदलली की पिलर नसलेल्या दस्त्यात स्क्रू पुन्हा तपासा. आकडा बदललेला सापडेल.

---

दहापूर्णांकनऊ

चकत्या घालून बघितलं. माउंटचे स्क्रू घट्टच होते. उजवीकडे वर चढणं थांबलं, पाचवी गोळीही इतरांच्यातच पडते. पण ग्रुप काही फारसा लहान झाला नाही, ५० मिमीच्या आसपास नुसता गोल पसरतो. चकत्या काढून डायल गेज लावला, पुढचा स्क्रू सोडताना काटा ०.२० पर्यंत गेला.

---

अक्रोड

मग चित्र स्पष्ट आहे. सरकणं फोरएंडमुळे होतं, पसरणं बैठकीमुळे. दोन वेगळे दोष एकाच लक्ष्यावर दिसत होते. आधी पिलर आणि बेडिंग करा, फोरएंड नंतर. बेडिंगने नळीची उंची आणि मध्य थोडा बदलू शकतो, आधीच घासून ठेवलं तर फट एका बाजूला जास्त राहील.

ॲक्शन कोणती आहे तेवढं सांगा. लग कुठे आहे, रिसीव्हर खालून गोल की सपाट, यावर बराच फरक पडतो. टिका टी३ असेल तर लग दस्त्यात असतो आणि खाच रिसीव्हरला, म्हणजे पट्टीची बाजू वेगळी. रुगर ७७ असेल तर पुढचा स्क्रू तिरका असतो, त्याचा स्टडही तिरकाच लावावा लागतो.

---

दहापूर्णांकनऊ

सॅव्हेज ११०. रिसीव्हर गोल, लग नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये पकडलेला वेगळा तुकडा.

---

अक्रोड

मग मघाशी वर सांगितलेल्यात एक बदल करा. सॅव्हेजची मागची टँग बेडिंगमध्ये घेऊ नका. मागच्या स्क्रूच्या मागे टँगखाली आणि बाजूंना पट्टीचे दोन थर लावून ती मोकळी ठेवा. लाकडाला टेकली की ॲक्शन वर उचलली जाते. नळीखाली लगच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर बेडिंग घेतलंत तर चालेल, नळी हलकी असल्याने नाही घेतलं तरी चालेल. मी अशा नळीला घेत नाही, लगच्या पुढून सगळी मोकळी ठेवतो. पिलरचा वरचा भाग रिसीव्हरच्या गोलाईला जुळणारा घ्या, सपाट पिलर गोल रिसीव्हरला एका रेघेवरच टेकतो. सपाटच मिळाले तर अर्धा मिमी खाली बसवा आणि वर इपॉक्सीचा थर येऊ द्या. माती भरून झाली की मिश्रण करण्याआधी फोटो टाका, सगळे मिळून एकदा नजर टाकू.